पाठ नसलेली घरं

ठोक्याने आयुष्यभर घरं बांधली आणि त्यातल्या एकाही घराला पाठ नव्हती. बंगले बांधले, महाल बांधले, खानावळी, कचेऱ्या, तुरुंग, एकदा तर झुंबरासकट अख्खं न्यायालय उभं केलं. समोरून बघाल तर वाटावं, आत्ता कोणी दार उघडून म्हणेल, या, बसा. मागे जाल तर उघड्या लाकडी चौकटी, त्यांवर ताणून ठोकलेलं कापड, तिरके टेकू आणि टेकू सरकू नयेत म्हणून ठेवलेल्या वाळूच्या पिशव्या. तो आमच्या नाटक कंपनीचा सुतार. नेपथ्यकार कोणी दुसराच असायचा, त्याचं नाव जाहिरातीत यायचं. ठोक्याचं नाव कुठे आलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते आम्हा मंडळींनाही धड ठाऊक नव्हतं. कुठलंही लाकूड हातात घेतलं की तो बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायचा आणि मान कलती करून ऐकायचा, म्हणून ठोक्या. पगाराच्या दिवशीसुद्धा ह्याच नावाने हाक पडायची आणि तो यायचा.

मी त्या घरांत राहिले आहे. त्याच्या खिडक्यांत उभी राहून मी नाना तऱ्हेच्या नवऱ्यांची वाट पाहिली, त्याच्या जिन्यांवरून तरातरा उतरले, त्याच्या पलंगांवर कैकदा मेले, आणि एकदाही पायाखालची फळी करकरली नाही. नटीच्या टाळ्यांतल्या निम्म्या टाळ्या न करकरणाऱ्या फळीच्या असतात, हे मी तेव्हाही म्हणायचे. तो म्हणायचा, "बाई, फळीच बोलायला लागली तर तुम्ही काय करणार?"

त्याचं लग्न झालं तेव्हा बायकोला त्याने नाटक दाखवायला आणलं, पण प्रेक्षागृहात नाही, विंगेत बसवून. तिला आम्ही वहिनी म्हणू लागलो. बिचारीला नेमका त्या दिवशी खोकला झालेला. ठोक्याने तिला आधीच दरडावून ठेवलं होतं, की पडदा वर असताना विंगेत कोणी खोकत नाही, शिंकत नाही, भांडं पाडत नाही. आमच्या धंद्यातला हा पहिला नियम. घरात कोणी गेल्याची बातमी आली तरी माणूस पडदा पडेपर्यंत हुंदका आवरून धरायचा. वहिनी दोन अंक तोंडात रुमाल कोंबून बसल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. प्रेक्षकांना दिसलं नसेल, पण मला समोरून दिसत होतं, आणि माझा करुण प्रवेश त्या दिवशी एवढा रंगला तो त्यांच्याकडे बघूनच. मध्यंतराचा पडदा पडला तशा त्या पोटभर खोकल्या, मग उठून सरळ रंगमंचावरच्या खिडकीच्या मागे गेल्या. मागे निळं कापड आणि एक दिवा. परत येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तुमच्या खिडकीतून काहीच दिसत नाही की."

हे वाक्य पुढे त्यांच्या संसारात मुरलं. ठोक्याने काही चुकीचं केलं की वहिनी तेवढंच म्हणायच्या.

मूलबाळ नव्हतं. राहायला थिएटरच्या मागच्या दाट वस्तीत वरच्या मजल्यावर एक भाड्याची खोली, खालच्या बाजूला गाद्यांचे, चपलांचे, रंगाचे छोटे कारखाने. खोली वहिनींनी पसंत केली होती आणि ती फक्त खिडकीसाठी. ठोक्या काम आटोपून घरी यायचा, पटाशीला धार लावत बसायचा, आणि वहिनी त्याला दिवसभराची खिडकी सांगायच्या. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने आज आरसा बदलला. बसमधून उतरलेली बाई चुकीच्या बाजूला गेली आणि हसत परत आली. समोरच्या म्हाताऱ्याने मांजराला शिव्या दिल्या आणि मग दूधही दिलं. ठोक्या हूं हूं करायचा. मी एकदा म्हटलं, ऐकतोस तरी का रे? तर म्हणाला, बाई, आमच्या घरातलं नाटक आहे ते, रोज नवा खेळ.

कंपनी बुडाली, थिएटरला नगरपालिकेने कुलूप घातलं, आम्ही पांगलो. पांगलो म्हणजे मी थिएटरसमोरच्या इमारतीच्या तळघरात राहायला गेले आणि ठोक्या कपाटांच्या बिजागऱ्या दुरुस्त करू लागला. तरी तो येता-जाता थिएटरच्या मागच्या दरवाजावर दोनदा ठोकायचा. मी विचारलं, आत कोण आहे? म्हणायचा, कोणी नाही, पण दरवाजा अजून बरा आहे.

आग दुपारी लागली. गादीच्या कारखान्यात ठिणगी पडली म्हणतात. वस्ती अशी दाटीवाटीची, की आगीचा बंब रस्त्यावर उभा राहिला आणि आगीला मात्र घराघरांतून जायला वाट होती. ठोक्या तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला कोणाचंतरी दार बसवत होता. वहिनींना शेजारच्या इस्त्रीवाल्याने खांद्यावर टाकून खाली आणलं. अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. पण त्या जिन्यात धुरामध्ये फार वेळ अडकून होत्या, आणि तो धूर त्यांच्या छातीत राहायलाच आला.

नगरपालिकेने थिएटरचं कुलूप काढलं आणि वस्ती आत आली. मदतीची माणसंही आली, आणि मी उगाच नाक मुरडणाऱ्यांतली नाही. त्यांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. अंधार पडायच्या आत पाण्याचे टँकर उभे होते, घोंगड्या होत्या, गरम जेवण होतं, डॉक्टर होता. सगळ्यांची प्रमुख एक तरुण मुलगी, सतत नारिंगी जॅकेट घातलेली, तिला सगळे ताई म्हणत, म्हाताऱ्यासुद्धा. ताई कधी बसलेली दिसली नाही. मी रोज जाऊन चहाच्या पातेल्यापाशी उभी राहायचे, तेव्हा ती उभ्या उभ्याच चहा पिऊन पुढे जायची.

पहिले काही दिवस खुर्च्यांच्या ओळींमधल्या जागेत, पायऱ्यांवर, रंगमंचावर माणसं आडवी. बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही. लोक अंथरुणं हाताने मोजून भांडायला लागले. तेव्हा ठोक्या रंगमंचाखालच्या वखारीत उतरला. आमचे सगळे जुने फ्लॅट, म्हणजे त्या कापड ताणलेल्या चौकटी, तिथेच कोळिष्टकांत पडून होत्या. त्याने एकेक वर काढली, ठोकली, ऐकली, पुसली आणि भिंती उभ्या करायला लागला. तीन बाजूंना भिंत, चौथ्या बाजूला पडदा. रंगमंचावर, वरच्या बाल्कनीत, बाहेरच्या मोठ्या दालनात, जिथे सपाट जमीन मिळाली तिथे.

त्या आठवड्यात थिएटर पुन्हा हसलं. भिंती जशा हाती आल्या तशा वाटल्या गेल्या, त्यामुळे इस्त्रीवाल्याच्या कुटुंबाला न्यायालय मिळालं आणि शिकवणी घेणाऱ्या मास्तरांना तुरुंग. इस्त्रीवाल्याची बायको नवऱ्यावर ओरडली की मास्तर गजांमागून म्हणत, साहेब, माझी बाजू ऐकणार का? शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणींना राजवाड्याचा कोपरा आला, तर त्या म्हणाल्या, भिंतीला मोरपिसं आहेत, पण दोरी बांधायला खिळा कुठे मारायचा? ठोक्या सगळ्यांना तीच ताकीद देत फिरायचा, की भिंतीला टेकू नका. जन्मभर भिंतीला टेकून बसलेली माणसं, ती विसरायची, आणि अख्खं न्यायालय मास्तरांच्या तुरुंगावर कलंडायचं.

पण नाट्यगृह ही मुळात अशी इमारत, की जिला खिडकी नसते. बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणूनच ती बांधतात. एवढ्या माणसांचा श्वास, खुर्च्यांच्या जुन्या मखमलीतली धूळ, कापडावरचा सुटा रंग, सगळं आतल्या आत फिरायचं. डॉक्टरांनी वहिनींची छाती तपासून ठोक्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, औषध मी देतो, पण औषधापेक्षा हिला उघडी हवा पाहिजे. खिडकी असलेली खोली बघा, आणि लवकर बघा.

ठोक्याने काय काय केलं नाही. सामान आत आणायच्या मोठ्या दरवाजाशी तिची खाट टाकली, पण त्याच्या बाहेरच मदतीचं स्वयंपाकघर आणि जनरेटर, सगळा धूर आत. माझ्याकडे आणून ठेवली, पण माझी खोली तळघरातली. तिथला झरोका रस्त्याच्या पातळीवर, गाड्यांचा धूर थेट नाकात. तीन दिवसांत वहिनी स्वतःच म्हणाल्या, बाई, तुमच्यापेक्षा तुमचं थिएटर बरं. भाड्याने खोली शोधली, पण आगीनंतर सगळं शहर खोल्या शोधत होतं आणि घरमालक बिजागऱ्या बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघायलाही तयार नव्हते. राहता राहिल्या त्या टेकडीकडच्या नव्या इमारती. नगरपालिकेच्या घरबांधणी खात्याने बांधलेल्या, तयार, रिकाम्या. तिथली प्रत्येक खोली खिडकीची. आगीत घर गेलेल्यांना त्या द्यायच्या असं ठरलेलं होतं, फक्त कधी आणि आधी कोणाला, एवढंच ठरायचं होतं.

ठोक्या ताईकडे गेला. ताईने त्याला पायरीवर बसवलं, आणि पहिल्यांदाच स्वतःही बसली. तिने जे सांगितलं त्यात खोट नव्हती. माझ्याकडचा पैसा आपत्तीचा आहे, मामा, ती म्हणाली, त्यातून घोंगडी घेता येते, वीट नाही घेता येत. खिडकी त्यांच्याकडे आहे. आणि ते माझ्याशी बोलतच नाहीत, कारण त्यांचं काम माझं संपल्यावर सुरू होतं.

मला तेव्हा वाटलं, हे आमच्या धंद्यात कोणी केलं असतं तर नाटक पहिल्या प्रयोगाला पडलं असतं. पहिला अंक एका कंपनीने करायचा, दुसरा दुसरीने, दोघींची कधी एकत्र तालीम नाही, आणि मध्यंतरात नाट्यगृहातले सगळे दिवे मालवून ठेवायचे. प्रेक्षक तिथेच बसलेले असतात, हे कोणाच्या लक्षात नाही.

वाट बघायची ठरल्यावर ठोक्याने त्याला येत होतं ते केलं. वहिनींची खोली रंगमंचाच्या मधोमध हलवली, कारण तिथे छत सर्वांत उंच, हवा त्यातल्या त्यात बरी. आणि मागच्या भिंतीत खिडकी बसवली. मी जिच्यात उभी राहून नवऱ्यांची वाट बघायचे तीच. मागे निळं कापड. त्यामागे दिवा, आणि दिव्याला मंद-प्रखर करायची खुंटी. सकाळी तो दिवा हळूहळू चढवायचा, दुपारी पांढरा, संध्याकाळी समोर तांबडी काच. अख्ख्या थिएटरमध्ये दिवस उगवायचा आणि मावळायचा तो त्या एका खोलीत. बाया आपली मुलं घेऊन बघायला यायच्या. वहिनी पडून असायच्या आणि येणाऱ्याला सांगायच्या, "बसा, आमचे हे आत्ता सूर्य घेऊन येतील." आणि मग खोकायच्या, खूप वेळ.

काही आठवड्यांनी ताईने सगळ्यांना जमवून सांगितलं, की घरबांधणी खात्याचे साहेब पाहणीला येणार आहेत. शहरात चार-पाच ठिकाणी आगीतली माणसं ठेवलेली आहेत. जिथली अवस्था सर्वांत वाईट, तिथल्यांना टेकडीवरच्या खोल्या पहिल्यांदा. त्या दिवशी मी इथे नाही, तिने सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी पाणी शिरलंय, तिकडे जावं लागेल. पण घाबरू नका. आहे तसं दाखवा.

आहे तसं दाखवा. हे वाक्य तिने रंगमंचावर उभं राहून, आम्हा लोकांना सांगितलं. ठोक्याच्या मनाने त्यातलं घेतलं ते इतकंच, की समोर बसून बघणारी माणसं येणार. त्याने पन्नास वर्षं ज्यासाठी हातोडी धरली तेच. तो कामाला लागला. फाटलेलं कापड पाठीमागून चिकटवलं, मोरपिसांना रंगाचा हात मारला, न्यायालयाचं झुंबर पुसलं, तुरुंगाचे गज काळेभोर केले. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी अडवलंही नाही. उलट सगळी वस्ती त्याच्या हाताखाली राबली. पाहुणे यायचे म्हणजे आधी झाडून घ्यायचं, बोचकी खाटांखाली सारायची, मुलांची तोंडं धुवायची. घर नसलं म्हणून ही सवय कुठे जाते? इस्त्रीवाल्याने तर सगळ्यांचे कपडे कडक करून दिले. मी स्वतः पडद्यांच्या झालरी झटकल्या.

आणि वहिनी. साहेब येण्याआधी ठोक्या त्यांच्या खोलीत डोकावला, दिवा दुपारचा करून ठेवला आणि निघताना त्याचं बोट नकळत ओठांवर गेलं. विंगेत उभ्या माणसाला आम्ही करतो तसं. बस, तेवढंच. वहिनींनी रुमाल घेतला.

साहेब चष्मेवाले, थकलेले, बुटांना चिखल लागलेला. आदल्याच दिवशी नदीपलीकडे फाटक्या प्लास्टिकखाली राहणारी माणसं बघून आलेले. ते दालनातून फिरले, बाल्कनी बघितली, मग पाय दुखत असावेत म्हणून प्रेक्षागृहात मधल्या ओळीत एका खुर्चीवर टेकले आणि रंगमंचाकडे पाहत राहिले. मी त्यांच्या मागेच होते. तिथून ते काय दिसत होतं म्हणून सांगू. ओळीने खोल्या, स्वच्छ पडदे, पडद्यांशी कडक कपड्यांत उभी माणसं, आणि मधोमध बंद पडद्याच्या वरून दिसणारं खिडकीतलं दुपारचं ऊन. एका एवढ्या मोठ्या इमारतीत शंभरावर माणसं, आणि आवाज म्हणून नाही.

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, कोणी केलं हे? ठोक्याला पुढे ढकललं. साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "फार सुंदर," ते म्हणाले. "एवढ्या दिवसांत मी इतकी नीटनेटकी जागा पाहिली नाही."

पन्नास वर्षांत नेपथ्याला मिळालेली ती पहिली दाद. ठोक्याचे कान लाल झाले. तो वाकला, नट वाकतात तसा, त्याला कधी वाकायला मिळालंच नव्हतं. पडद्यामागे वहिनी रुमाल दोन्ही हातांनी तोंडावर दाबून, गुडघे पोटाशी घेऊन, श्वास कोंडून पडल्या होत्या. हे आम्हाला साहेब गेल्यावर कळलं. पडदा उघडला तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते.

निकाल आठवड्याभरात आला. नदीपलीकडच्यांना आधी खोल्या. नाट्यगृहात सोय उत्तम असल्यामुळे तिथल्या कुटुंबांचा विचार दुसऱ्या टप्प्यात, पुढच्या वर्षी. साहेबांना मी दोष देत नाही. प्लास्टिकखालच्या माणसांना आधी खोली द्यायला नको, असं कोण म्हणेल? आणि त्याच महिन्यात मदतीची मुदत संपली. स्वयंपाकघर बंद झालं, जनरेटर गेला, डॉक्टरांची शेवटची फेरी झाली. दिवे मालवले ते असे.

निकाल ऐकून ठोक्या वहिनींच्या खाटेशी जाऊन बसला. मी पडद्याशी होते, आत जाऊ की नको अशी. मग वहिनींनी विचारलं.

"मी खोकायला हवं होतं का हो?"

त्यांनी हे तक्रारीने विचारलं असतं तर सोसलं असतं. त्या खरंच विचारत होत्या. आपलं काही चुकलं का, एवढंच. ठोक्याने मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे मला कळलं नाही. त्यालाही नसावं.

दुसऱ्या दिवशी तो घरबांधणी खात्यात गेला. साहेबांसमोर उभा राहून म्हणाला, ते खोटं होतं, साहेब, ते रंगवलेलं होतं. साहेबांना वाटलं, म्हातारा विनयाने बोलतोय. मग त्यांना समजलं. म्हणाले, मला जे दिसलं ते मी वर कळवलं, आता यादी पुढे गेली. बदलायची तर पुन्हा पाहणी करावी लागेल, पुन्हा वरून मंजुरी. मी प्रयत्न करतो. ठोक्या म्हणाला, तोवर थिएटरच्या भिंतीला एक खिडकी पाडून द्या. तर इमारत त्यांच्या खात्याची नव्हती.

ताई अजून गेली नव्हती. सामान आवरायला मागे राहिली होती. हे ऐकल्यावर ती साहेबांच्या कचेरीत जाऊन बसली आणि उठेना. पुढे साहेबांनीच मला सांगितलं, की मदतीची आणि घरबांधणीची माणसं एका टेबलाशी बसली ती त्या दिवशी पहिल्यांदा. ती म्हणाली होती, मी जिथे थांबते तिथून तुम्ही सुरू करायचं, तर मधली फट कोणाची? निदान डॉक्टर तरी चालू ठेवा, तो कोणाच्या पैशातून यायचा ते नंतर भांडू. साहेबांनी ते मान्य केलं. पुन्हा पाहणीही मान्य केली.

पण कागदाला त्याची चाल असते आणि छातीला तिची.

अशाच एका दुपारी मी वहिनींशेजारी होते. जनरेटर गेल्यापासून दिवा अंधुक जळायचा, तरी ठोक्या इमानाने खुंटीशी उभा होता, खिडकीमागे. वहिनी आता जवळजवळ बसूनच असायच्या, आडवं झालं की श्वास अडायचा. त्यांनी हाक मारली, "अहो."

मागून आवाज आला, काय गं?

"तो सूर्य बंद करा आता. डोळ्यांवर येतो. तुम्ही इकडे या."

त्याने दिवा बंद केला. पुढे यायला त्याला भिंतीला वळसा घालावा लागला. मला वाटतं, त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत लांब अंतर असेल. तो येऊन बसला, तिचा हात हातात घेतला, आणि त्या अंधारात वहिनी एकदाच, अगदी हळू, खोकल्या. संध्याकाळ व्हायच्या आत त्या गेल्या. मी रंगमंचावर इतक्यांदा मेले आहे, पण मरण इतकं कमी बोलतं हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या पाहणीचा दिवस त्यानंतर पंधरवड्याने आला. त्या सकाळी ठोक्या पटाशी घेऊन उठला आणि एकेका भिंतीचे टेकू काढायला लागला. आम्हाला वाटलं, रागाने मोडतोय. मास्तर अडवायलाही गेले. पण तो मोडत नव्हता, फिरवत होता. प्रत्येक फ्लॅट उलटा करून पुन्हा तिथेच उभा करत होता, पाठ प्रेक्षागृहाकडे. नियम सांगतो, की प्रेक्षकाला नेपथ्याची पाठ कधी दाखवायची नाही, मेलो तरी नाही. इस्त्रीवाला हात लावायला पुढे झाला, मग बाकीचे. न्यायालय फिरलं, तुरुंग फिरला, राजवाडा फिरला. उघड्या चौकटी, गंजके खिळे, ओल धरलेलं कापड, ठिगळं, खाटांखालची बोचकी, औषधांच्या बाटल्या. सगळ्यात शेवटी त्याने मधली खिडकी फिरवली. मागे दिवा, वायर आणि निळं कापड.

साहेब त्याच खुर्चीवर येऊन बसले. शेजारी ताई. ह्या वेळी माणसं खोकत होती. किती जण खोकत होती ते मलाही त्याच दिवशी कळलं. साहेब रंगमंचावर चढले, मधल्या खोलीत गेले, रिकाम्या खाटेकडे बघून त्यांनी विचारलं, इथे कोण राहतं?

ठोक्या म्हणाला, "आता कोणी नाही. पण बाकीच्यांचं बघा."

बाकीच्यांचं झालं. पुढच्या वर्षाची वाट बघावी लागली नाही. राजवाड्यातल्या बहिणी, मास्तर, इस्त्रीवाला, सगळे टेकडीवर गेले, आणि डॉक्टर त्यांच्या पाठोपाठ तिथेच खालच्या मजल्यावर बसू लागला. ताई दुसऱ्या शहरात गेली, दुसऱ्या आगीकडे. जाताना जॅकेट ठोक्याच्या खांद्यावर टाकून गेली, थंडीचं असू द्या म्हणाली.

ठोक्यालाही खोली मिळाली. तिसऱ्या मजल्यावर, मोठी खिडकी. पहिल्या दिवशी त्याने भिंत दोनदा ठोकली, मग जिने उतरून, इमारतीला पूर्ण वळसा घालून मागे गेला आणि खालून आपल्या खिडकीकडे मान वर करून उभा राहिला. धापा टाकत परत आला तेव्हा मी विचारलं, काय बघितलंस? म्हणाला, मागेही घर आहे, बाई.

मी अधूनमधून जाते. गुडघे कुरकुरतात, जिन्यात दोनदा बसावं लागतं. मागच्या खेपेला वर पोहोचले तर दार उघडंच होतं आणि आतून त्याचा आवाज येत होता. मला वाटलं, कोणी आलंय. ऐकलं तर तो सांगत होता, की खालच्या दुकानदाराने पाटी पुन्हा रंगवली, पण अक्षर तिरकंच. समोरच्या बाईने दोरीवर हिरवी चादर टाकली आहे, अजून पाणी गळतंय. बस आली, पण कोणी उतरलं नाही. नाही, थांब, एक जण उतरतोय.

मी दारातच उभी राहिले. प्रवेश चालू असताना मध्ये जायचं नसतं. जिन्याने खोकला आला होता, पण जन्माची सवय, मी तो आवरून धरला. खिडकी सताड उघडी होती आणि वारा दारापर्यंत येत होता.